सरका, आई बसायची हाय

ऐका. जरा दाटून बसा, आन् लेकुरवाळ्यांनी आपापलं पोर मांडीवर घ्या. का, ते कळंल पुढं.

गोष्ट आपल्या रतनअक्काची. व्हय, तीच, वडापवाली. आज तुम्ही तिच्या व्हॅनीत बसून बाजाराला जाता, पन या भागात बाईमानूस गाडीवर कुनी बघितलं नव्हतं, तवा गाडी चालवनाऱ्या नवऱ्याची पाठ कामातनं गेली म्हनून हिनं स्टेरिंग धरलं. लोक हसले. हसंनात का! हिचा एकच बाना. वाटंत हात केलेल्या मानसाला सोडून जायचं न्हाई. गाडी गच्च भरलेली असू द्या, ही मान वळवून म्हननार, "सरका, सरका, एक बसंल." आन् बसायचं बरं का! कसं, ते देवालाच ठावं. मला तिचा अभिमान हाय, उघड सांगतो.

तर हिच्या नातवाचं जावळ तुळजापुरात आईच्या पायाशी काढायचं ठरलं. पल्ला लांबचा. दिसभर गाडी वडापाला, म्हनून अंधार पडल्यावर सगळी निघाली. रतन गाडीवर, शेजारी नवरा जालिंदर. मधल्या सीटवर सून मंगल, वरसाचं पोर घेऊन. मागं रतनची सासू तानूबाई आन् दशम्यांचं गठुडं. निघताना म्हातारी बजावून म्हनली, पोराचं जावळ अजून डोक्यावर हाय, असल्याला भाईरचं लवकर लागतं, रातच्याला वाटंत कुनासाठी थांबू नगंस. रतन व्हय म्हनली.

म्हनली खरी! पन सवय हो, सवय.

मोठ्या रस्त्याचं काम चाललं हुतं, म्हनून खडकीच्या फाट्यावरनं जुन्या ओढ्याच्या वाटंला गाडी घातली. घरची सगळी डुलक्या घ्यायला लागलेली. आन् तिथं, उंबराखाली, एक बाई. हात केलेला. रतनच्या डोक्यात इचार यायच्या आधीच पायानं ब्रेक मारला, आन् तोंडातनं निघून गेलं, "सरका, सरका, एक बसंल."

बसली की बाई मंगलशेजारी! दार लागलं. आन् तिथंच रतनचा हात गिअरवर थांबला. का? आता हे नीट ऐका. वडापवाल्याला मागं बघावं लागत न्हाई. कोन चढलं, केवढं चढलं, ते त्याला बुडाखाली कळतं. तानूबाई चढली की गाडी कुरकुरती. शाळंतलं पोर चढलं तरी इवलीशी दबती. ही बाई बसली, आन् गाडी दबलीच न्हाई.

रतननं इचारलं, "कुठं उतरायचं, बाई?"

"पुढं," बाई म्हनली.

पुढं तर पुढं. ओढा आला, गेला. एक मैलाचा दगड आला, वरचा टवका उडालेला. मग उंबर आलं. पुन्हा ओढा. पुन्हा तोच टवका उडालेला दगड! रतननं दम धरून पुन्हा इचारलं. बाई म्हनली, पुढं. तिसऱ्यांदा उंबर आलं. रतननं जालिंदरला कोपरानं ढोसलं, तर तो लाकडावानी पडलेला. म्हातारीला हाक मारली, ओ न्हाई. सगळ्यांना नुसती भूल पडलेली. जागी एकटी रतन, आन् रडायला लागलेलं ते पोर.

मग बाई मंगलला म्हनली, "दे गं, मी घेती मांडीवर. तेवढीच जागा हुईल."

आता सांगा, गर्दीच्या गाडीत असं कोन म्हनत न्हाई? आन् कोन देत न्हाई? मंगलनं झोपंतच पोर उचललं आन् दिलं. पोर गप झालं. एकदम गप. रतननं वरच्या आरशात बघितलं. बाई न्हाई. नुसतं पोर, सीटच्या वर टीचभर, हवंत.

आन् मागनं आवाज आला, "थांबव अक्का. आलं माझं ठिकान."

थांबवली तर बाई पोर घेऊन उतरनार. न थांबवावी तर हीच वाट फिरत ऱ्हानार, डिझेल संपंस्तवर. दुसरं कुनी असतं तर बोंबलत सुटलं असतं. पन आपली रतन! तिनं गाडी थांबवली. खाली उतरली. वळसा घालून गेली, सरकतं दार उघडलं, आन् दारातच उभी ऱ्हायली. मग अंधाराकडं बघून, रोज फाट्यावर बोलती तशी बोलली.

"या आई, बसा. तुमच्याच दारी निघालोय." आन् आत बघून म्हनली, "बाई, सरका. तुळजापूरची आई बसायची हाय. पोर हिकडं द्या, तिच्या मांडीवर बसंल."

आतनं बारीक आवाज आला, "जागा कुठं हाय?"

"माझ्या गाडीत जागा न्हाई असं आजवर झालं न्हाई. तुमच्यासाठी झाली, तिच्यासाठी न्हाई व्हनार? सरका."

आन् बाई सरकली! अहो, भूत झालं म्हनून काय, जित्तेपनी वडापात बसलेली असनारच की. पोर गपकन रतनच्या हातावर आलं, गार पडलेलं, पन श्वास चालू. बाई सरकत गेली, मंगलच्या आरपार, पल्याडच्या बंद दारातनं भाईर. ओढ्याकडनं तेवढा एक हुंदका ऐकू आला. म्हनत्यात, त्या उंबराखाली एक लेकुरवाळी तापानं फनफनलेलं पोर घेऊन रातभर हात करीत हुती. एक गाडी थांबली न्हाई.

रतननं पोर मधल्या सीटवर ठेवलं आन् दार लावलं. आन् तवा, ऐका, गाडी दबली. चारी चाकांवर, हळूच, भरल्या अंगाची मोठी मालकीन बसावी तशी.

पुढं टवक्याचा दगड आला न्हाई. पोर घाम सुटून रडायला लागलं, तशी सगळी जागी झाली. तुळजापूरपतुर गाडी जड चालली. देवळापाशी हलकी झाली, आन् रतन स्टेरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडली.

तवा त्या ओढ्याच्या वाटंनं रातचं जाऊ नका. उंबराखाली हात दिसला तरी थांबू नका. तुमच्याआमच्यात ती धमक न्हाई.

आन् उद्या रतनच्या गाडीत बसाल तवा बघा. कितीबी दाटी झाली तरी मधल्या सीटवर वीतभर जागा मोकळी असती. तिथं टेकायला जाल तर ती आरशात बघून म्हनंल, "तिकडं सरका. ती जागा भरलीया."