शेवटची कोरी पट्टी

गिऱ्हाईक : हे बघा, अंगावर काटा आला! रेकॉर्डची ही ऊब सीडीत कुठून यायची? सीडी म्हणजे फ्रिजमधलं जेवण.

आत्या : आणि हे जेवणसुद्धा फ्रिजमधूनच काढून गरम केलेलं असलं तर?

गिऱ्हाईक : म्हणजे?

भाचा : काही नाही हो, आमच्या आत्याला थट्टेची सवय आहे. हा नुसता नमुना. उद्या कारखान्यात रेकॉर्डची छपाई सुरू होईल. पहिली प्रत तुमची.

गिऱ्हाईक : नक्की हं! वडिलांचा हात काय गोड होता तुमच्या. येतो.

भाचा : आत्या, गिऱ्हाइकासमोर काय हे!

आत्या : मग, खोटं बोलले? तुझ्या बाबाची मूळ टेप बुरशीनं खाल्ली. ही रेकॉर्ड निघाली ती मी बनवलेल्या सीडीवरून. व्हायोलिन तेच, वर करकर फुकट. सगळा जन्म स्टुडिओत मी ती करकर घालवण्यात घालवला, आणि तू तीच विकायला बसलास. ऊब म्हणे!

भाचा : तुला नाही कळायचं. रेकॉर्ड लावली की माणूस बसतो, शेवटपर्यंत ऐकतो. सीडीवर काय, बटण दाबलं की पळाले पुढे.

आत्या : बसायला खुर्ची लागते रे, रेकॉर्ड नाही. आणि दाराशी ती खोकी कसली?

भाचा : सीड्या. कोणी विचारत नाही. संध्याकाळी भंगारवाला येतोय.

आत्या : बाबाची?

भाचा : तीही त्यातच असेल. कारखानेवाल्यांनी उतरवून घेतली, आता तिचं काम संपलं. वाजवायला माझ्याकडे यंत्र तरी कुठंय?

आत्या : वा! बापाला भंगारात घालणारा पहिलाच मुलगा बघतेय. बरं, ते राहू दे. तुझा नमुना मी नीट कान देऊन ऐकला. शेवट कुठं गेला?

भाचा : झाला की! शेवटचा सूर लागला, सुई उचलली.

आत्या : त्याच्यानंतरचं?

भाचा : नंतर काय, नुसतं कोरं. कारखान्यातून फोन आला, एका बाजूत मावत नाही, मागची कोरी पट्टी कापू का? म्हटलं, कापा.

आत्या : ऐकून बघितलंस?

भाचा : कोरं काय ऐकायचं?

आत्या : अरे कर्मा! इतकी वर्षं घरात पडलेली सीडी, आणि तू एकदाही शेवटपर्यंत ऐकली नाहीस?

भाचा : व्हायोलिन थांबलं की आई पटकन बंद करायची. मलाही तीच सवय लागली. का, काय झालं? आत्या, तू रडतेस?

आत्या : रडत नाही, चिडलेय. तुझ्यावर नाही, माझ्यावरच. तू ऐकलंयस असं मी धरूनच चालले होते. मला सांग, बाबाचं तुला काय आठवतं?

भाचा : काय आठवणार? पाळण्यात होतो मी. फोटो आहेत. आवाज कसा होता, तोसुद्धा माहीत नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप. निदान व्हायोलिन तरी लोकांच्या कानावर पडावं.

आत्या : ऊठ. ती सीडी शोध खोक्यातून.

भाचा : वाजवणार कशावर?

आत्या : पिशवीत यंत्र आहे माझ्या. तुझ्याकडे यायचं तर आपला डबा आपणच आणलेला बरा. दे इकडे. शेवटचा तुकडा लावते. आणि आता मध्ये बोलू नकोस.

(सीडी फिरू लागते. व्हायोलिन वाजतं, संपतं. मग बराच वेळ काहीच नाही.)

भाचा : संपली गं.

आत्या : गप्प बस म्हटलं ना!

सीडीतला पुरुष : ...ताई, थांब जरा. (लांबून बाळाचं रडणं.) ऐकलंस? उठला वाटतं. काय झालं ढब्बूशेठ? आलो, आलो हं. बाबा कुठं जात नाही. ताई, ते यंत्र बंद कर गं.

सीडीतली बाई : राहू दे रे चालू.

सीडीतला पुरुष : ढब्बूशेठ! अगं बघ, हसतोय लबाड!

आत्या : संपलं. आता बोल.

भाचा : ते रडणं...

आत्या : तुझंच. बाजूच्या खोलीत निजवलं होतं तुला. सीडी निघेपर्यंत तो गेला होता. आपलं बोलणं चारचौघांनी ऐकलेलं त्याला खपायचं नाही. म्हणून आधी इतकी शांतता सोडली मी. म्हटलं, जो थांबेल त्याला मिळेल.

भाचा : ढब्बूशेठ. या नावानं मला कधी कोणी हाक मारली नाही.

आत्या : नंतर कुणाची जीभच वळली नाही, बाळा.

भाचा : आई म्हणून बंद करायची?

आत्या : हं.

भाचा : कारखान्याला फोन करतो. उद्याची छपाई थांबवा म्हणून.

आत्या : रेकॉर्डवर मावणार नाही ते. उगाच हट्ट करू नकोस.

भाचा : बरं, रेकॉर्डवर नकोच, छपाई होऊ दे. त्यांच्याकडची ती पट्टी मागून घेतो, आणि ही सीडी घरी नेतो. आत्या, पुन्हा लाव ना.

आत्या : लावते. ती शांतता पुढे पळवू? बटण आहे.

भाचा : नको. राहू दे सगळी.