च्वांग काकांची सही

तैवानमधल्या तायनान शहरात, आमच्या गल्लीत संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू येण्याआधीच सगळे पिशव्या घेऊन उभे असतात. माझ्या पुढे म्हाताऱ्या च्वांग काकू होत्या आणि त्यांच्या शेजारची यी-वेन. नगरसेवकाला पदावरून हटवायच्या अर्जासाठी ती सह्या गोळा करते; दर सहीमागे तिला पैसे मिळतात.

"यी-वेन, तुमच्या अर्जावर आमच्या ह्यांची सही आहे म्हणे. निवडणूक कचेरीतला माणूस विचारायला आला होता."

"काकांची? काहीतरी घोटाळा असेल. काका तर..."

"जाऊन तीन वर्षं झाली. मीही त्याला तेच म्हटलं. मग देवळात जाऊन ठोकळे टाकून तीनदा कौल लावला. सही तुम्ही केलीत का, असं सरळच विचारलं ह्यांना."

"मग?"

"तिन्ही वेळा हो म्हणाले."

"अहो, लाकडाचे ठोकळे ते. कसेही पडतात."

"जिवंतपणी कधी इतक्या पटकन हो म्हणाले नव्हते गं."

"कचेरीत काय सांगितलंत?"

"अजून काही नाही. उद्या सांगणार, सही त्यांचीच आहे."

"नका सांगू काकू! तुमच्यावर शेकेल."

"शेकू दे. सही घेणाऱ्याच्या जागी तुझं नाव होतं, म्हणून विचारते. कसे दिसत होते? निळा स्वेटर होता ना अंगात? तोच घालून पाठवलं होतं मी."

कोपऱ्यावर गाडीचं गाणं सुरू झालं.

"काकू, मी..."

"रडतेस कशाला? पुन्हा आले तर बसायला खुर्ची दे. गुडघे दुखतात त्यांचे. आणि म्हणावं, घर दोन पावलांवर आहे."