दर्या कुठल्या बाजूला?

बसा मंडळी, जरा सरकून बसा! मागच्या मावशी, तुम्ही पुढं या. तिथं खांबाला पाठ टेकली की डोळा लागतो, आणि उद्या घरोघर सांगता — काल बुवांचं कीर्तन काय रंगलं म्हणून!

हं. आज प्रश्न एकच आहे. आपण माणसाला देतो — आईला देतो, बापाला देतो. दिलेलं पोचतं का? देवाला नैवेद्य दाखवता. देवानं खाल्ला की नाही, कसं कळतं? कळत नाही! म्हणून देवाची सेवा सोपी. माणूस खातो, आणि आवडलं नाही की तोंड वाकडं करतो. सून करते, नातू करतो, जावई तर हटकून करतो. पण आई? मंडळी, आईचं तोंड वाकडं होत नाही. तिला करपलेलं वाढा, "छान झालंय" म्हणेल. मग कळायचं कसं, की आपलं दिलेलं तिच्यापर्यंत गेलं की वाटेतच सांडलं?

ऐका. मुरूडच्या अलीकडं एक कोळीवाडा. तिथली मथुराबाय चोगले. तिचा नवरा पदाजी होडी घेऊन गेला, आणि वादळ आलं. होडीची एक फळी आली. पदाजी आला नाही, त्याचा देहही आला नाही. पोर पदरात — हरेश्वर, दूध तुटलेलं, एवढंसं. किनाऱ्यावर पोराचे पाय पाण्याकडं ओढायला लागले तशी ही बाई उठली, आणि थेट तळेगावला भावाकडं आली. का? तर पोरगं होडीवर जाऊ नये! जिनं दर्या सोडला, ती रोज डोक्यावर पाटी घेऊन सुकी मासळी विकत फिरली. तुम्ही माळकरी मंडळी, तुम्ही घटकाभर कान झाका, पण त्या सुकटीच्या पाटीवर पोरगं शिकलं. इंजिनियर झालं. घर बांधलं, गाडी आली, बायको आली — प्रणिता, गुणाची पोर — आणि दोन मुली झाल्या.

आता या हरेश्वरच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. माझ्या आईनं माझ्यासाठी दर्या सोडला. मी तिला दर्या परत देणार! वाईट आहे का हो हे? नाही! असा मुलगा मिळायला पुण्य लागतं. त्यानं ठरवलं, सगळ्यांनी मालदीवला जायचं. चहूकडं निळं पाणी, मधे मूठभर बेट, आणि आये त्याच्यात!

मग सुरू झाली निवड! अहो, मुलीसाठी स्थळ बघताना सुद्धा माणूस एवढं बघत नाही! रोज जेवताना ताटाशेजारी मोबाईल. या रिसॉर्टचा किनारा चांगला, पण जेवण तिखट नाही. त्याला पोहायचा तलाव आहे, पण खोल्या लांब. धाकटीला घसरगुंडी हवी, थोरलीला मासे बघायचेत. लोकांनी लिहिलेली मतं वाचायची — एकजण म्हणतो स्वर्ग, दुसरा म्हणतो डास! शेवटी एक रिसॉर्ट ठरलं. त्यात खोल्या दोन तऱ्हेच्या. एक बेटावर, जमिनीवर, नारळीखाली. दुसरी — मंडळी, ऐका — पाण्यावर! समुद्रात खांब रोवलेले, त्यावर लाकडी खोली, जायला लाकडी साकव, म्हणजे अरुंद पूल. आणि खोलीच्या जमिनीला मधोमध काच. खाली बघावं तर मासे पोहतायत!

प्रणिता म्हणाली, "अहो, आईंना विचारूया ना, कुठली घ्यायची."

"तिला काय विचारायचं? तिला कुठंही चालतं."

तरी विचारलं हो त्यानं! मी त्याच्यावर खोटा आळ घेणार नाही. मथुराबाय ओट्यापाशी लसूण सोलत बसली होती. "आये, कसली खोली हवी तुला?"

"मना काय रं पोरा. कुठं पन चालंल."

झालं! विचारलं, उत्तर मिळालं, काम संपलं. आपण सगळे असंच विचारतो. पण म्हातारीनं लसणीची पाकळी हातातच धरली, आणि हळूच म्हणाली, "दर्या कुठल्या बाजूला रं?"

हरेश्वर हसला. "बाजूला? आये, चारी बाजूंनी! आणि खालून पण! खाट दर्यावर, तू दर्यावर. राणीसारखी झोपशील!"

"बरं," म्हणाली, आणि पाकळी सोलायला लागली. हरेश्वरला वाटलं, आनंदानं आईला बोलवेना. त्यानं पाण्यावरच्या दोन खोल्या शेजारी-शेजारी घेतल्या. एक चौघांची. दुसरी, काचेची, एकट्या आयेची.

विमानातून उतरले, बोटीत बसले. बोट सुटताना मथुराबाय वाकली, पाण्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. हरेश्वरनं फोटो काढला. साकवापाशी आले तर तिनं वहाणा काढून हातात घेतल्या. "आये, फळ्या तापल्यात! चटके बसतील!" ऐकलं नाही. अनवाणी गेली. खोलीत खाट केवढी, चादर काय पांढरी! प्रणितानं पडदे सरकवले, तर समोर नुसतं पाणी, निळं आणि उन्हानं लखलखणारं. म्हातारी काचेपाशी आली, खाली बघितलं, आणि चटकन पाय मागं घेतला. मग चारी भिंतींकडं बघून विचारलं, "पोरा, डोंगर कुठं?"

"आये, इथं कुठला डोंगर आलाय!"

"बरं," म्हणाली.

सकाळी प्रणिता चहा घेऊन गेली. मथुराबाय खुर्चीत, मांडी घालून. खाटेवरच्या चादरीला सुरकुती नाही. "आई, लवकर उठलात?" "व्हय गो." दुसऱ्या सकाळीही तेच. खुर्ची, मांडी, आणि चादर जशीच्या तशी. प्रणितानं नवऱ्याला सांगितलं, "आई झोपत नाहीयेत हो." हरेश्वर म्हणाला, गादी मऊ पडत असेल. खाली सतरंजी घातली. एसी गार लागत असेल. एसी बंद केला. जागा नवी असेल. शेजारी मुलीला झोपायला पाठवतो म्हणाला, तर "नको, ती वळवळते" म्हणून म्हातारीनं उडवून लावलं. सगळं केलं हो! एकच केलं नाही. काय ते तुम्हाला कळलंय. त्याला कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसले. मथुराबायनं घास उचलला, आणि हात तसाच राहिला. डोळे मिटले. मान कलली, आणि ती खुर्चीवरून खाली यायची, तो प्रणितानं धरली! आजूबाजूचे लोक बघायला लागले. आणि हरेश्वरचा तोल सुटला. घाबरला होता ना! घाबरलेला माणूस रागावतो, मंडळी. म्हणाला, "आये, नाही आवडलं तर तोंडानं सांग ना! वर्षभर मी तुझ्यासाठी निवडतोय, हे बघतोय, ते बघतोय. असं जागून-जागून मला शिक्षा करू नकोस!"

शिक्षा! कुणाला म्हणाला? जिनं त्याच्यासाठी उन्हातान्हात पाटी वाहिली, तिला. म्हातारीनं डोळे पुसले नाहीत, रागावली नाही. एवढंच म्हणाली —

"आवडला रं. लय चांगला हाय. पन पोरा... पाय कुठं करू?"

"पाय कुठं करू म्हणजे?"

"मानूस दर्यावर असला, का घरचे बाईनी दर्याकडं पाय करून निजायचा नाय. माजे सासूनी मना सांगितलंता. तो पान्यावर हाय, त्याला पाय दाखवायचा? डोकं दर्याकडं, पाय डोंगराकडं. मानूस घरी आला, का मंग कसं पन नीज."

"अगं पण आये, बाबा तर..."

"लोकांनी त्याचे नावाचा गवताचा पुतला जालला. मी जालू दिला. लोकांचा मन कशाला मोडू? पन मी कवा बोलले का तो आला? तुजा बापूस अजून येवाचा हाय. आन हितं तर चारी बाजूंनी तोच हाय. खाली पन तोच. मी पाय कुठं करू?"

आणि मंडळी, हरेश्वरच्या डोळ्यांपुढं काय आलं? तळेगावचं घर! नवं कपाट आलं तेव्हा त्यानं आईची खाट फिरवली होती, डोकं पूर्वेला. दुसऱ्या दिवसापासून आई जमिनीवर झोपायला लागली — डोकं पश्चिमेला, जिकडं कोकण, जिकडं दर्या. आणि हा हसला होता! पाहुण्यांना सांगायचा, "आमची आये वास्तुशास्त्र शिकलीय, तिचं तिचंच!" पाहुणेही हसायचे, म्हातारीही हसायची. जन्मभर ती एकाच दिशेला डोकं करून झोपली. हा जन्मभर तिच्याबरोबर एका घरात राहिला. सगळं बघितलं. का, म्हणून विचारलं नाही.

देणारा म्हणे दिले फार।
घेणारी बसली निराधार।
मध्ये एका प्रश्नाचे अंतर।
कोणी न चाले॥

पळाला हरेश्वर! रिसॉर्टच्या माणसांकडं गेला, हात जोडले. नारळीखालची एक खोली द्या, कसलीही द्या. ते म्हणाले, साहेब, लग्नाचं वऱ्हाड आलंय, दोन दिवस एक खोली मोकळी नाही. आणि खोली मिळून तरी काय होणार होतं? बेटच ते! कुठंही डोकं करा, पायांच्या पुढं पाणी आहेच. ही अक्कल त्याला साकवावर उभं राहिल्यावर आली. त्यानं चारीकडं बघितलं. ज्या निळ्या पाण्याचे फोटो तो वर्षभर बघत होता, त्यात त्याचा बाप होता. त्याला बाप आठवत नव्हता, मंडळी. पहिल्यांदाच त्याला बाप दिसला.

त्यानं साकवावर बूट काढले. अनवाणी खोलीत आला. मथुराबाय खुर्चीत बसलेली, मांडी घातलेली. त्यानं काचेवर चादर पसरली. मग खाटेवर चढला आणि पायथ्याशी भिंतीला टेकून बसला. "ये आये. नीज."

"पाय..."

"पाय माझ्या मांडीवर ठेव. दर्या माझ्या पाठीमागं आहे. पाय त्याच्याकडं नाहीत, माझ्याकडं आहेत."

"तुला पाय लागंल रं पोरा."

"लागू दे."

"उठून जाशील."

"नाही जाणार."

म्हातारी खुर्चीतून उठली. मग आडवी झाली, आणि संकोचानं, एकेक करून, दोन्ही पाय लेकाच्या मांडीवर ठेवले. हरेश्वरनं आईचे तळवे त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. भेगा, घट्टे, बोट एक वाकडं झालेलं. तळेगावच्या गल्ल्या होत्या त्या सगळ्या! त्यानं दोन्ही हात त्या तळव्यांवर झाकण ठेवल्यासारखे ठेवले आणि रडला. आवाज न करता रडला, कारण म्हातारीचा श्वास लांब व्हायला लागला होता. ती झोपली! तीन दिवसांची जागलेली बाई घोरायला लागली, हो! मुली पोहून ओल्याचिंब दारात आल्या. प्रणितानं ओठावर बोट ठेवलं. ऊन काचेवरच्या चादरीवरून सरकत भिंतीवर गेलं. हरेश्वरच्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाले. तो हलला नाही.

पोचलं का हो आता? खोली पोचली नव्हती, काच पोचली नव्हती, विमान पोचलं नव्हतं. मांडी पोचली!

आता तुमच्याकडं वळतो. माना खाली घालू नका, वर बघा. तुम्ही तीर्थयात्रेला नेता, दवाखान्यात नेता, साडी आणता, खोलीला रंग देता. चांगलं करता! पण तुमची आई कोणत्या कुशीवर झोपते, आणि का — सांगा बरं कुणीतरी. तुम्ही सांगा, पुढचे पाटील. नाही ना? लाजू नका, सगळ्या मांडवाचं तेच आहे. आज घरी गेलात की विचारा. ती म्हणेल, "मला काय, काहीही चालतं." तिथं उठू नका! आपण सगळे तिथंच उठतो. बसून राहा. ती पुढं एखादा साधा प्रश्न विचारेल — दर्या कुठल्या बाजूला, एवढाच. त्या प्रश्नाला हसू नका. तिनं आपलं सगळं आयुष्य त्यात घालून तुमच्या हातात दिलेलं असतं.

आणि ज्यांची आई आता नाही, त्यांनी? त्यांनी आपल्या घरात बघावं. कुणीतरी खुर्चीत मांडी घालून जागं बसलेलं असेल.

चला, हरिनामाचा गजर करू. पण मृदंगवाले, आज थाप हळू. टाळ बोटांवर धरा. जोरात नको. आत्ताच कुठं म्हातारी झोपली आहे.