अर्धा मिनिट आधी

केबलच्या ऑफिसात सेटटॉप बॉक्स परत करणाऱ्यांची रांग लागली होती. शिंपीणबाई शिवण तशीच मशीनवर टाकून आल्या होत्या, पण पुढच्या दोघांचं बोलणं ऐकता ऐकता त्यांची घाईच संपली. एक आजोबा बॉक्स छातीशी धरून उभे होते, आणि त्यांना घेऊन आला होता खालच्या मजल्यावरचा शेजारी.

“आजोबा, आता माघार नाही. अख्ख्या बिल्डिंगने केबल तोडली, तुम्हीच उरलात.”

“माझ्या केबलने तुमच्या पोटात का दुखतं?”

“आमची मॅच मोबाइलवर अर्धा मिनिट उशिरा येते. बॉलर अजून धावतोय, तोच वरून तुमची आरोळी, ‘गेला रे गेला!’”

“गेला तर गेला म्हणू नको?”

“म्हणा ना, मनातल्या मनात!”

“त्यात काय मजा?”

“आणि परवा? तुम्ही ‘जिंकलो’ म्हणून ओरडलात. आम्ही जिन्यात नाचलो, आणि हरलो की!”

“डोळा लागला होता रे. स्वप्नात जिंकलो.”

“म्हणून तर दर मॅचला वर येऊन भांडावं लागतं.”

“येता, भांडता, पाणी पिता, स्कोअर विचारून जाता. मॅच नसली की माझी बेल कोण वाजवतं?”

काउंटरवरच्या माणसाने हात पुढे केला. “आजोबा, बॉक्स?”

आजोबांनी बॉक्स सोडला नाही. शेजाऱ्याने चष्मा पुसून परत लावला.

“आजोबा, संध्याकाळी मॅच आहे. तुमच्याकडे खुर्च्या किती?”

“एकच. तुम्ही तसेही अर्धा मिनिट उशिराच येणार. आपापली घेऊन या.”