जिन्यासमोरचं दार

कारकून: ...म्हणजे रंग, फरशी, ओटा यांना आमची परवानगी लागत नाही. खोली वाढवली, मजला चढवला, भार घेणारी भिंत पाडली, की आम्ही आलोच. मग अर्ज, मालकीचा कागद आणि इंजिनिअरच्या सहीचा नकाशा, दोन प्रतींत. तुम्हाला नक्की काय करायचंय?

बाई: वरच्या मजल्यावरची एक भिंत पाडायची आहे. आईची इच्छा आहे.

कारकून: आणि तुमची?

बाई: परवानगी मिळत नसेल तर तसं लेखी द्या, साहेब. मी तिला दाखवेन.

कारकून: अठ्ठावीस वर्षं या खुर्चीत काढली, पण नकार मागायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. (तिच्या घराची जुनी फाईल सोडून मंजूर नकाशा टेबलावर पसरतो.) पाडायचं ते पिवळ्याने दाखवायचं, नवं ते लाल, आहे ते काळं. ठेवा बोट, कुठली भिंत?

बाई: ही, जिन्यासमोरची.

कारकून: इथे भिंत कुठाय? दार आहे की.

बाई: बाबांनी बुजवलं. ते गवंडी होते, एका दुपारीत काम झालं.

कारकून: आणि पलीकडची खोली?

बाई: होती तशीच आहे, आत कुणी गेलेलं नाही. माझी धाकटी बहीण तिथे वारली. चिमी. ताप होता, सात वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी विटा आणल्या. परवा त्याला तीस वर्षं झाली.

कारकून: अरेरे. आणि आता आईला ती उघडायचीय.

बाई: संध्याकाळ झाली की भिंतीला कान लावून बसते. म्हणते, आतून दार वाजतंय, पोरीला किती ताटकळत ठेवायचं? मी सांगते, मला काही ऐकू येत नाही.

कारकून: आणि येतं?

बाई: तुम्ही नियमाचं बोला, साहेब.

कारकून: नियम सरळ आहे, ताई. दार मंजूर आहे, बेकायदा आहे ती भिंत. मंजूर नकाशात आहे तसं परत करायला अर्जही नको नि शिक्काही नको.

बाई: पण ती भार घेत असेल ना?

कारकून: दाराच्या चौकटीत रचलेल्या चार विटा कसला भार घेणार? भार वरची तुळई घेते. आज घरी जाऊन पाडलीत तरी आमचं काही... थांबा. तीस वर्षं म्हणालात ना?

बाई: हो. का?

कारकून: मग फाईलमधला हा शेरा कसा? 'वरची खोली वापरात. खिडकीत लहान मुलगी.' अक्षर माझंच आहे. तुमच्या वडिलांनी गच्चीवर पत्रे टाकायचा अर्ज केला होता, त्याची पाहणी. माझं नोकरीचं पहिलंच वर्ष.

बाई: म्हणजे भिंत घातल्यावर दोन वर्षांनी.

कारकून: तेच तर. रस्त्यावरून वर पाहिलं, तर तिने मला हात केला. मीही केला. आठवतंय मला.

बाई: मला तिने कधीच केला नाही.

कारकून: काय म्हणालात?

बाई: येता-जाता रोज वर बघते मी. पडदा हलतो, तेवढंच. रागावली आहे ती माझ्यावर.

कारकून: सात वर्षांचं पोर कशाला रागावेल?

बाई: त्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. ती सारखी उठून येत होती, पाणी दे, गोष्ट सांग. माझी दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. मी बाहेरून कडी लावली. तिने दार वाजवलं, खूप वेळ वाजवलं. मग थांबली, तेव्हा मला बरं वाटलं, साहेब. वाटलं, झोपली.

कारकून: आईंना माहीत आहे?

बाई: बाबांनाच माहीत होतं. कडी काढली ती त्यांनी. कुणाला बोलले नाहीत, नुसत्या विटा आणल्या. अजून ती कडी तशीच असेल, विटांच्या आत. ती दिसली की पोर दार का वाजवते ते आईला कळेल.

कारकून: (नकाशाची घडी घालतो.) तर त्यासाठी नकार हवाय.

बाई: म्हणून म्हणते, एक ओळ लिहून द्या. परवानगी नाही, एवढंच.

कारकून: जे मंजूर आहे त्याला नाही कसं म्हणू, ताई? माझ्या हातात नाही ते.

बाई: मग मी काय करू?

कारकून: आधी आईंना सांगा. मग गवंडी बोलवा. आणि त्याने हातोडा उचलायच्या आधी...

बाई: काय?

कारकून: तुम्ही एकदा दार वाजवा. बाहेरून.