रॉकेट पाहाले काढलेली सुट्टी

तुम्ही चंद्राच्या गोष्टी करून राह्यले, पण मी साधं रॉकेट पाहाले निघालो तं काय झालं, ते ऐका. मी तवा घाटंजीले मास्तर होतो. केरळात समुद्राच्या काठावरून रॉकेट उडणार, असं पेपरात वाचलं आन् आपण जाचंच ठरवलं. हेडमास्तरले आठ दिवसांची सुट्टी मागितली.

ते म्हणे, "काहून, दिवाळीत बाटलीत ठेवून लावतेत ते रॉकेट पाह्यलं नाही का कधी?"

मंग मी दुसरा अर्ज लिहिला, का बायकोचे वणीचे मामा वारले. सुट्टी लगेच मंजूर. खुशीत बजारातून नवी पेटी घेऊन घरी आलो, तं हेडमास्तर माह्याआधीच बायकोचं सांत्वन कराले पोचलेले! तिनं असा हंबरडा फोडला, का अख्खी गल्ली गोळा झाली. आता खरं सांगाची हिंमत कोणाले होते? हेडमास्तरनं सोता येऊन आमाले वणीच्या मोटारीत बसवून देलं.

पोचलो, तं मामाजी ओट्यावर बसून पान लावून राह्यले होते. बायकोचं रडणं एकदम थांबलं. मंग तिनं माह्याकडे जे पाह्यलं, ते पाहून मी सगळं तिथंच कबूल करून टाकलं.

मामाजीनं शांतपणे पान तोंडात घातलं आन् म्हणे, "जावईबापू, उडाचं तं रॉकेट होतं ना? मंग मले कायले उडवलं?"