होडीवरचा चौथा

आगाशीकर मंडळी, पाचूबंदरहून आलेली माणसं, आणि काकू, मला चारचौघांत बोलायची सवय नाही. काकांच्या शोकसभेत दोन शब्द सांगायचे म्हणून उभी राहिले. सांभाळून घ्या.

काका आधी सनदी नोकरीत होते. पुढे देशाच्या गुप्तचर खात्याचे प्रमुख झाले. त्या खुर्चीवर बसून त्यांनी काय केलं, ते मला माहीत नाही. घरात कोणालाच माहीत नाही. काकू म्हणायची, "साऱ्या जगाची खबर ठेवता, आणि घरातलं मीठ संपलेलं कळत नाही तुम्हाला."

लहानपणी मी दिल्लीला त्यांच्याकडे होते. शाळेत उशिरा गेले; अक्षरं काकांनीच घरी शिकवली. काही सांगायला धावत गेले की विचारायचे, "पाहिलंस की ऐकलंस?" ऐकीव असेल तर तसं आधी सांगायचं. हा माझा पहिला धडा.

म्हणून आज भीती वाटतेय. आत्ताच अध्यक्ष म्हणाले, मासेमारी करताना सागरी हद्द ओलांडली म्हणून पकडलेले पाचूबंदरच्या होडीवरचे तिघे परक्या देशाच्या तुरुंगातून सुटले, ते साहेबांच्या एका फोनमुळे. अध्यक्षमहाराज, तुम्ही प्रेमाने बोललात. पण होडीवर चौघे होते. चौथ्याची आई, फिलोमिनामावशी, मागे बसल्या आहेत. एका फोनने तिघे सुटतात, तर माझ्याच मुलासाठी फोन का नाही केला? हा प्रश्न घेऊन त्यांनी घरी जायचं का?

फोन मी पाहिलेला नाही. पाहिलं ते सांगते. काका निवृत्त होऊन इथे आले होते. मावशी आल्या. म्हणाल्या, "सायब, तुमी येक शब्द टाका, माजा पोर घरी येल."

काका म्हणाले, "बाई, माझा शब्द आता कुठे चालत नाही. आपण अर्ज लिहू."

"अर्ज कोनीपन लिवते. मंग येवढे मोटे सायब होऊन केलात काय?"

काकांनी कागद पुढे ओढला. मग अर्ज लिहिला. दर महिन्याला लिहिला. पक्की प्रत मी काढायची. वसईच्या कचेरीत ते रांगेत उभे राहायचे, आपण कोण होतो ते न सांगता. अर्जावर चार नावं असायची. तिघे परतले, तेव्हापासून एकच असतं. गेल्या महिन्यातही अर्ज गेला.

मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही फोन केला होता का?" म्हणाले, "नाही. केला असता, तर चौघांसाठी केला असता." हे ऐकलेलं आहे, पण त्यांच्याच तोंडून.

हे सांगून मी काकांना लहान केलं का? मला कळत नाही. खरंच कळत नाही.

आता दोन मिनिटं आपण शांत उभे राहू या. फिलोमिनामावशी, मनात राग असेल तर तुम्ही बसून राहा. कोणी काही म्हणणार नाही. या महिन्याचा अर्ज जायचा आहे, तो मी घेऊन जाईन. आत्ता मी तिथे मागे, तुमच्याजवळ येऊन उभी राहते.